कोंडवाड्याचा ठराव

सभेच्या दिवशी सकाळी गोमाने भाकरीला हात लावला नाही, तेव्हाच सोनुबाईने ओळखले की आज घरात काहीतरी मोडणार.

"तिला सांग," गोमा नवऱ्याच्या नव्हे, सरपंचाच्या आवाजात म्हणाला, "आज सभेला जातीनं जायचं हाय. तो नवा ग्रामसेवक वही घरी धाडायला तयार नाय."

ती, म्हणजे गौराबाई, दाराच्या आडच तांदूळ पाखडत बसली होती. मधे फक्त कुडाची भिंत. गोमाचा शब्द न् शब्द तिला ऐकू जात होता आणि ते गोमालाही ठाऊक होते. पण मधल्या भावाची, विठूची, बायको म्हणून ती या घरात आली त्या दिवसापासून थोरल्या दिराने तिच्याशी समोरासमोर एक अक्षर काढले नव्हते, तिनेही नाही. विठू गेला त्या दिवशीसुद्धा नाही. ठोंबऱ्यांच्या घरची ती रीतच होती. दोघांच्या मधला साकव सोनुबाई.

"ऐकलंस ना गं?" सोनुबाईने भिंतीला विचारले.

"ऐकलं, आक्का. पन त्यास्नी विचारा, तिथं जाऊन करायचं काय?"

"ती म्हनतीय, करायचं काय?"

"काय नाय करायचं. मोतीच्या शेजारी जाजमावर बसायचं. कोंडवाड्याचा ठराव आला की बसूनच ऱ्हायचं. उटायचं नाय. ठरावाच्या बाजूचे उटतील, आपन आपलं बसायचं. येवडंच."

सूप थोडा वेळ वाजले, मग थांबले.

"आक्का," आतून आवाज आला, "कालव्यावरच्या तुकड्याचं विचारलंत काय?"

सोनुबाईने नवऱ्याकडे पाहिले. हा प्रश्न तिने मागच्या दोन्ही वर्षी ह्याच चुलीपुढे बसून इकडून तिकडे पोचवला होता. विठूच्या वाटणीचा तो तुकडा, कालव्याला लागून. विठू गेल्यापासून पडीक. गोमाची गुरे दुपारची तिथे बसत.

"ती तुकड्याचं..."

"आज सभा पार पडू दे," गोमा उठत म्हणाला. "मंग पुढल्या सालाला बघू."

हे उत्तरही सोनुबाईला पाठ होते. तिने ते पोचवले नाही. पोचवायची गरज नव्हती. आत सूप पुन्हा वाजायला लागले, पण आता तांदळापेक्षा सूपच जास्त आपटत होते.

करंजबावात भात कापून झाले की जमीन कुणाची राहत नसे, असे जुने लोक म्हणत. मार्गशीर्षात गुरांच्या गळ्यातली दावी सुटत आणि मृगापर्यंत गुरे मोकळी. या बांधावरून त्या बांधावर, ज्याच्या-त्याच्या शेतातले गवत चरत फिरायची. गुराखी नको, कुंपण नको. गोमाच्या बापाने हेच केले, आज्याने हेच केले. पुढे कालवा आला. कालव्याकाठच्या लोकांनी उन्हाळी भात लावायला सुरुवात केली आणि एकाच शिवारात दोन कायदे झाले. गेल्या चैत्रात गोमाच्या गुरांनी पदूचे पोटरीला आलेले भात एका दुपारीत सपाट केले. पदू त्याचा सगळ्यांत धाकटा भाऊ. एकाच आढ्याखाली, भिंतीपलीकडे राहणारा. चघळलेल्या ताटांची मूठ घेऊन तो अंगणात आला, ती मूठ थोरल्या भावाच्या पायाशी टाकली आणि गेला. त्यानंतर दोघे भाऊ बोलले नव्हते. बोलायचे ते पदूने आता ठरावात घातले होते: बारा महिने गुरे बांधून ठेवावीत, सुटे जनावर दिसल्यास कोंडवाड्यात घालावे आणि पडक्या कोंडवाड्याच्या दुरुस्तीची तरतूद अंदाजपत्रकात करावी.

ठराव झाला तर काय होईल हे गोमाला स्वच्छ दिसत होते. त्याचा मुलगा नामा साजगावच्या कारखान्यात. गुरांमागे जायला माणूस नाही. गावातली सगळी पोरे एकतर कारखान्यात नाहीतर चौकच्या हॉटेलांत. बांधून घालायला एवढी वैरण आणायची कुठून? म्हणजे गुरे विकायची. ठोंबऱ्यांची गुरे! बापाने मरताना जमिनीचे नाव काढले नव्हते. गोठ्याकडे बोट केले होते.

गोमाने मनात हिशेब मांडला होता. सात सभासद. पदू, उपसरपंच हेमचंद्र टिपणीस आणि आपली सख्खी बहीण मोतीबाई, हे तिघे ठरावाच्या बाजूचे. मोतीबाई याच गावात दिलेली, तिच्या मुलाने कालव्याचे पाणी घेतलेले. तिने भावाभावांत धाकटा निवडला होता. इकडे आपण, सोनुबाईचा भाऊ वाघ्या आणि वरच्या ठाकूरवाडीचा जैतू. तिघांना तीन. सातवी गौरा. बायकांच्या जागा भरायची वेळ आली तेव्हा गोमानेच बहिणीचे आणि भावजयीचे नाव घातले होते. घरातले मत घरातच राहावे म्हणून. कोंडाजी शिपाई वही घेऊन दारात यायचा, मोतीबाई अंगठा उठवायची, गौरा पिठाचे हात पदराला पुसून सही करायची. कसली सही, कशावर, हे कधी कुणी विचारले नव्हते.

*

पंचायतीच्या दाराशी येताच गोमा खाकरला.

हे त्याने मुद्दाम केले नाही. घरात शिरताना उंबऱ्यावर खाकरायचे, म्हणजे आतली भावजय उठून, डोईवर पदर घेऊन बाजूला होते, हे त्याच्या अंगात इतके मुरले होते की गौरा आत असल्याचे कळताच घसा आपोआप बोलला. आत जाजमावर मोतीबाईशेजारी बसलेली गौराबाई चटकन उठली, पाठ वळवून उभी राहिली. गोमा खुर्चीवर टेकल्यावर ती भिंतीकडे तोंड करून बसली.

"वैनीला जरा सरळ बसू दे की," मोतीबाई म्हणाली. "सभा भिंतीवर हाय काय?"

वाघ्या हसला. गोमा हसला नाही.

ग्रामसेवक देशावरचा तरुण, कामात चोख. त्याने मागचे इतिवृत्त वाचले, ते कायम झाले. मग दिवाबत्ती निघाली. नवा कंदील मोतीबाईच्या आळीत लावायचा की वाघ्याच्या, यावर बराच काळ गेला.

"आमच्या आळीत साप निघतात," वाघ्या म्हणाला.

"आमच्याकडं तुजे दारूवाले निघतात," मोतीबाई म्हणाली. "साप परवडला."

कंदील मोतीबाईला मिळाला. विहिरीच्या कठड्याचे झाले, शाळेच्या कौलांचे झाले. गोमा नेहमीसारखा मान हलवत होता, पण त्याचे डोळे यादीतल्या शेवटच्या विषयावर होते. शेवटी तो आला. ग्रामसेवकाने ठराव वाचला आणि तो पदूकडे वळला.

"सूचक पदू ठोंबरे. बोलायचंय?"

पदू उभा राहिला. त्याने भावाकडे बघितले नाही, टेबलाकडे बघितले. "सरपंचास्नी येकच इचारायचं हाय. माजं भात खाल्लं तवा सरपंच कुटं व्हते?"

'दादा' नाही, 'सरपंच'. गोमाच्या छातीत ते रुतले.

"सरपंच हितंच व्हता," तो म्हणाला. "आनि गुरं बी हितंच व्हती. तुज्या जन्माच्या आदीपासून. बापाच्या वक्ताला कोनी कधी दावं लावलं व्हतं का मार्गशीर्षात? सांग की."

"बापाच्या वक्ताला कालवा नव्हता, दादा," मोतीबाई म्हणाली.

"तू गप गं."

"का गप? मी सभासद हाय. तूच केलंस."

जैतूने हात वर केला. "माजं येक. आमच्या वाडीच्या शेळ्या बी बांधायच्या काय? शेळी बांधली तर ती खाईल काय? दोर?"

"शेळ्यांचा स्वतंत्र विचार करता येईल," हेमचंद्र टिपणीस म्हणाले. कोट घालून सभेला येणारे तेवढेच एक. कालव्याकाठी त्यांचीही जमीन होती, दुसऱ्याला कसायला दिलेली. "मुद्दा असा आहे, सरपंच, की सरकारने पाणी दिलं. त्या पाण्यावर पीक घ्यायचं की गाईंना मेजवानी घालायची?"

"टिपणीस, तुमी कधी गाय धुतलीय काय?" वाघ्याने विचारले.

"मी कधी दुसऱ्याच्या शेतात सोडली नाही."

"पुरे," गोमा म्हणाला. "मत घ्या."

ग्रामसेवक उठला. "मागच्या वेळी हात वर करण्यावरून घोटाळा झाला होता." मागच्या वेळी वाघ्याने पाठ खाजवायला हात वर केला होता आणि तेवढ्यावर एक विहीर मंजूर झाली होती. "म्हणून आता जे ठरावाच्या बाजूचे असतील, त्यांनी उभं राहावं. ज्यांचा विरोध असेल त्यांनी बसून राहावं."

पदू उभाच होता. टिपणीस उठले. मोतीबाई गुडघ्यावर हात देत, "आई गं" म्हणत उठली. तिने खाली गौराकडे पाहिले. गौराबाई बसलेली. पदर कपाळापर्यंत, नजर जाजमाच्या फाटक्या कडेवर.

तीन.

गोमाने श्वास सोडला. किती वेळ तो कोंडून धरला होता हे त्याला तेव्हा कळले. घरातले मत घरात राहिले होते. वाघ्याच्या विडीचा धूर खोलीत साचला होता. त्या सुटलेल्या श्वासाबरोबर तो घशात गेला आणि गोमाला ठसका लागला. तो खोकला.

गौराबाई उभी राहिली.

"चार," ग्रामसेवक म्हणाला आणि त्याने लिहिले.

मग सगळे एकदम बोलू लागले.

"आरं, ती खोकल्याला उटली!" वाघ्या ओरडला. "दाजी खोकले म्हनून उटली! हे मत नाय!"

"खोकला कुठल्या नियमात आहे?" टिपणीस म्हणाले. "उभं राहायचं म्हटलं, त्या उभ्या राहिल्या."

"वैनी बाजूनंच हाय," पदू म्हणाला.

"तुला काय म्हाईत? तू भरवलंस काय तिला?" वाघ्या म्हणाला.

"मला वैनीला भरवायची गरज नाय. तिचा तुकडा कोन चरतंय ते तिला दिसतंय."

"कालवा आला म्हनून भाऊ तोडायला निगालास व्हय रं?" गोमा खुर्चीतून अर्धा उठला.

"दादा, बस खाली," मोतीबाई म्हणाली. "तिलाच इचारा की."

ग्रामसेवक गौराबाईकडे वळला. "बाई, तुम्ही ठरावाच्या बाजूने उभ्या राहिलात का?"

गौराबाई बोलली नाही. कशी बोलेल? थोरला दीर समोर बसलेला. तिचा पदर तेवढा श्वासाने हलत होता. मोतीबाई तिच्या कानाशी वाकली, तरी तिने मान हलवली नाही.

"ती दाजींसमोर बोलायची नाय," वाघ्या म्हणाला. "दाजी, जरा भायेर जावा."

"जाऊ शकतात," ग्रामसेवक म्हणाला. "तोवर उपसरपंच अध्यक्षस्थानी बसतील."

टिपणिसांनी कोटाचे बटण लावले. ते बटण पाहून गोमा खुर्चीत घट्ट बसला. ही खुर्ची आणि हा ठराव, दोन्ही टिपणिसांच्या हातात देऊन बाहेर उभे राहायचे? आणि आत पदू, मोती, एवढे सगळे तिच्याभोवती? बाहेर जायचे नाही, तर मग एकच वाट होती. ती त्याला दिसत होती आणि तिच्याकडे बघायला नको वाटत होते. घरी सोनुबाई होती. इथे मधे कुणी नव्हते.

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"गौरा," तो म्हणाला.

नाव तोंडातून निघाले तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या, जशा कुणाच्या घरातले भांडण कानावर आल्यावर घालतात. पदूनेसुद्धा.

"गौरा, सांग. कशापायी उटलीस?"

ती वळली. पदर होता तिथेच राहिला, पण डोळे दिसले. एवढ्या वर्षांत त्याने ते कधी नीट पाहिले नव्हते. भ्यालेले होते, आणि तरी हलत नव्हते.

"तुमी खोकलात, भावजी," ती म्हणाली. आवाज बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला. "म्हनून उटले."

"ऐकलं?" वाघ्या म्हणाला. "लिव्हा. तीन."

"पन आता उटलेय," गौराबाई म्हणाली, "ती बसायची नाय."

जैतू जमिनीकडे बघत हळूच म्हणाला, "झालं."

ग्रामसेवकाने सरपंचाकडे पाहिले. निकाल अध्यक्षाने सांगायचा असतो. गोमाला वाटले, आपण अजूनही काही म्हणू शकतो. मत चुकीचे पडले, पुन्हा घ्या, सभा तहकूब. पण समोर भावजय उभी होती आणि ती बसल्याशिवाय काहीही म्हटले तरी ते खोटे झाले असते.

"ठराव मंजूर," तो म्हणाला.

*

बाहेर आल्यावर वाघ्याने त्याला पिंपळाच्या पाराशी गाठले.

"दाजी, घाबरायचं नाय. ग्रामसेवकाला इचारलं मी. ठरावाला वरनं मंजुरी लागते. ती येईस्तवर दोन-तीन म्हैनं जातील. तवर गुरं सुटीच. कोन आडवतंय? आनि तवर पदूचं भात..." त्याने हाताने चरायची खूण केली.

गोमाने त्याच्याकडे पाहिले. सकाळी हाच माणूस त्याला आपला वाटला होता.

"तू घरी जा रं," तो म्हणाला.

पाराच्या पलीकडे पदू गौराबाईशी बोलत होता. हातवारे करत, हसत. ती मान हलवत होती. होकाराची की नकाराची, ते एवढ्या लांबून कळेना. मग ती एकटीच निघाली. पदू तिथेच उभा राहिला, त्याचे हसू मावळलेले. भावाभावांची नजरानजर झाली आणि दोघांनीही ती काढून घेतली.

गोमा शिवारात गेला. ऊन कलले होते. त्याची गुरे विठूच्या तुकड्यात बसली होती, नेहमीसारखी, डोळे मिटून रवंथ करत. कालव्याचे पाणी बांधाखालून सरकत होते. बांधापलीकडे पदूने नांगरून ठेवलेले शेत, काळेभोर, रोपाची वाट बघणारे. दोन-तीन महिने. वाघ्याने सांगितले ते खरे होते, ते करता आले असते आणि कुणी त्याला चोर म्हटले नसते. तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याने काठी उचलली आणि गुरे उठवली. भर दुपार टळताच गुरे घराकडे वळवल्याचे करंजबावात कुणी कधी पाहिले नव्हते; गुरांनाही ते पटले नाही. म्हातारा बैल तर दोनदा मागे फिरला.

गोठ्यात आणल्यावर त्याच्या लक्षात आले की बांधायला दावी नाहीत. कशी असणार? भात कापले की जुनी दावी पेंढ्याच्या भाऱ्यांना जायची, नवी मृगाआधी वळायची. मधल्या महिन्यांत ठोंबऱ्यांच्या गोठ्यात दावे नसायचे, हेच तर इतकी वर्षे चालले होते.

"आगं," त्याने अंगणातून सोनुबाईला हाक मारली. "तिच्याकडं दावी असतील. तिच्या म्हशी बारा म्हैनं बांधलेल्या. तिला सांग..."

सोनुबाई दारात आली. तिच्यापर्यंत सगळे पोचले होते, आणि तिचे तोंड चुलीतल्या विस्तवासारखे लाल होते.

"मी नाय सांगायची," ती म्हणाली. "भर सभेत बोललात ना दोगं? चार लोकांत नाव घेतलंत ना तिचं? मंग आता तुमचं तुमी बोला. माजं काम संपलं."

"आगं, पन..."

"माज्या भावाला घरी जा म्हनालात. जावेनं माज्या दारच्या गाईंवर ठराव केला. आनि मी निरोप देत बसू?" ती आत गेली.

गोमा अंगणात उभा राहिला. मागे गुरे गोठ्याच्या दाराशी एकमेकांना ढकलत होती. गौराची खोली चार पावलांवर. तो दाराशी गेला.

"गौरा."

ती बाहेर आली. पदर घेतला, पण बाजूला झाली नाही.

"दावी हायत काय?"

"हायत. पन सगळ्यांना पुरायची नायत."

"जेवडी हायत तेवडी दे. बाकीच्यांना काथ्या लावतो."

ती आत गेली आणि दाव्यांचे वेटोळे घेऊन आली. अंबाडीची, घट्ट वळलेली. त्याने हात पुढे केला, तिने दिली नाहीत.

"उद्या बैलजोडी पायजे," ती म्हणाली. "कालव्यावरच्या तुकड्याला."

"पदू देनार नाय व्हय जोडी? तुज्याशी बोलत व्हता मगाशी."

"पदूभावजी अर्ध्यानं तुकडा मागत व्हते. मी नाय म्हनले." ती पुढे म्हणाली, "नांगर माजा मी धरवीन. फकस्त जोडी पायजे. तुमचीच."

गोमाला राग यायला हवा होता. सकाळपासून त्याच्या हातातून एकेक गोष्ट गेली होती आणि ही बाई आता त्याचेच बैल मागत होती, त्याच्याच गुरांची बसायची जागा नांगरायला. पण 'तुमचीच' हा शब्द त्याच्या कानात अडकून राहिला.

"इतक्या घाईनं कशाला?" तो म्हणाला. "बी लागंल. ते आनायचं, भिजवायचं..."

"बी भिजत घातलंय."

"कवा?"

गौराबाईने दावी त्याच्या हातावर ठेवली.

"सकाळी," ती म्हणाली. "सभेला जायच्या आदी."